‘सायंटिफिक टेंपर’ कुणाचा?

‘सायंटिफिक टेंपर’ हे दोन शब्द हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी आहेत. यान उडाले की मंत्री ते उच्चारतात, विज्ञान दिन आला की प्राचार्य. नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात लिहिलेल्या, १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’तून ते रूढ झाले आणि १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांत आले. मराठीत आपण त्याला वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणतो. हे भाषांतर आम्हाला जरा सोयीचे वाटते. दृष्टिकोन सभेपुरता घेता येतो, घरी जाऊन बदलता येतो. टेंपर म्हणजे मनाची घडण. ती प्रयोगशाळेच्या दाराशी चपलांसारखी काढून ठेवता येत नाही.

शिवाय कलम ५१-अ मधले ते वाक्य तिथे संपतच नाही. पुढे मानवतावाद आहे, शोधक बुद्धी आहे, सुधारणावाद आहे. भाषणांतून नेमके हेच गळते. का गळते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. मानवतावाद म्हटला की जात आली. एका माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते, या समजुतीला कोणत्या प्रयोगाचा आधार आहे? तीही भूतबाधेसारखी अंधश्रद्धाच. पण बुवा-मांत्रिकांविरुद्ध बोलणारे अनेक सुशिक्षित मुलीचे लग्न ठरवताना पत्रिका आणि पोटजात दोन्ही पाहतात! (बुवांविरुद्धचा कायदा तरी सहज कुठे झाला? २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावरच सरकारने वटहुकूम काढला.)

कर्तव्य नागरिकांचे, मग सरकारचे काय? ऑक्टोबर २०१४ मध्ये मुंबईत एका रुग्णालयाच्या कार्यक्रमात खुद्द पंतप्रधानांनी गणपतीच्या मस्तकाचा दाखला देऊन प्राचीन प्लास्टिक सर्जरी सांगितली. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईतच भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये वैदिक विमानांवर निबंध वाचला गेला. यावर हसून सोडून देता येईल. परंतु २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला, ते हसण्यावारी नेता येत नाही. कारण सांगितले ते अभ्यासाचा भार कमी करण्याचे. बारावीच्या जीवशास्त्रात तो धडा राहिला, हे खरे. पण दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या लाखो मुलांचे काय? आणि यात आपली मुले किती? सर्व माणसांचे पूर्वज एकच, असे सांगणारा हा धडा आहे. मुखातून एक आणि पायातून दुसरा जन्मला, ही कथा त्याच्यापुढे टिकत नाही. भार नेमका कुणाला होत होता?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. आम्हालाही अभिमान वाटला. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा. तरी त्यानंतरही माणसे गटारात उतरवली गेली आणि विषारी वायूने गुदमरून मेली. यंत्र नाही म्हणावे, तर केरळातल्या तरुण अभियंत्यांनी मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव २०१८ मध्येच तयार केला. मग गटारात माणूसच का उतरतो, आणि तो ठरावीक जातींचाच का असतो? पुढच्या विज्ञान दिनाला, मंत्री वा प्राचार्य ते दोन शब्द उच्चारतील तेव्हा, आपल्या विद्यार्थ्यांनी उभे राहून हे विचारावे.