गुणवत्ता म्हणजे काय, हे परिचारिकेच्या परीक्षेला विचारा

आरक्षणाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास फेकला जातो : कमी टक्क्यांवर प्रवेश घेतलेल्यांच्या हाती तुम्ही आपला जीव द्याल का? याचे उत्तर परवाना परीक्षेच्या रचनेतच आहे.

अमेरिकेत ‘प्रॅक्टिकल नर्स’ व्हायचे तर साधारण वर्षभराचा अभ्यासक्रम पुरा करून एनक्लेक्स-पीएन ही परीक्षा द्यावी लागते. वेळ पाच तास, संगणकावर किमान ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न. निकालात गुण नाहीत, क्रमांक नाही. पास किंवा नापास, एवढेच. पहिली कोण आली याच्याशी परवाना देणाऱ्याला कर्तव्य नसते. रुग्ण हिच्या हाती सुरक्षित आहे का, हे त्याला पाहायचे असते. आपल्याकडेही राखीव जागेवर आलेल्या मुलीला एएनएम, जीएनएमच्या अंतिम परीक्षेत वेगळी, सोपी प्रश्नपत्रिका मिळत नाही. आरक्षण दार उघडते. परवाना तिने स्वतः कमावलेला असतो.

या परीक्षेच्या तयारीत एक प्रश्न सतत सोडवावा लागतो. समोर चार रुग्ण आहेत, आधी कोणाकडे जाल? जो आधी आला त्याच्याकडे नाही, मोठ्याने ओरडतो त्याच्याकडेही नाही. ज्याचा श्वास अडकतो आहे त्याच्याकडे. उरलेल्या तिघांवर अन्याय झाला असे कोणी म्हणत नाही. मग शतकानुशतके ज्यांचा श्वास कोंडला, त्यांना आधी हात दिला तर समतेचा भंग कसा होतो?

अर्थात, अमेरिका काही आदर्श नव्हे. मेरी एलिझा महोनी १८७९ साली तिथली पहिली प्रशिक्षित कृष्णवर्णीय परिचारिका ठरली. तरीही पुढे दक्षिणेतल्या राज्य संघटनांनी कृष्णवर्णीय परिचारिकांना सभासदत्व नाकारले. त्यांनी रडत न बसता १९०८ साली स्वतःची राष्ट्रीय संघटना उभारली. १९५१ साली ती मुख्य संघटनेत विलीन झाली, ती दारे उघडायला लावूनच. शिक्षणाला संघटनेची जोड लागते, हा बाबासाहेबांचा धडा त्यांच्याही इतिहासात दिसतो.

आपण काय करायचे? अनेक विहारांत अभ्यासिका आहेत, पण तिथे बहुधा स्पर्धा परीक्षांचीच पुस्तके दिसतात. त्यात एक कपाट नर्सिंगचे ठेवा. नोकरीत असलेल्या सिस्टरने आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. रुग्णाची स्थिती मांडायची, आधी काय करायचे आणि का, यावर मुलींनी वाद घालायचा. घोकंपट्टीने उत्तरे पाठ होतात, निर्णय घेता येत नाही.

आणि एखादी नापास झाली तर लगेच तिचे लग्न लावून मोकळे होऊ नका. एनक्लेक्समध्येही किमान ४५ दिवसांनी पुन्हा बसता येते. परीक्षा दुसरी संधी देत असेल, तर घराने ती का नाकारावी?

जय भीम!