ही डिस्क फॉरमॅट करू का?

गेल्या डिसेंबरात सातार्‍याहून आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "अरे, अण्णा तुझ्याकडे आले होते तेव्हा त्यांनी कोयनेचं काहीतरी लिहिलं होतं ना? ते पाठव की. माईआत्याच्या नातवाला शाळेत भूकंपावर प्रकल्प करायचाय."

"पाठवतो" म्हणालो आणि फोन ठेवला. मंडळी, इकडे राहून "पाठवतो" म्हणायची फार वाईट सवय लागते. पाठवायचं काय आणि ते आहे कुठे, याचा विचार फोन ठेवल्यावर सुरू होतो.

आमचे अण्णा १९६७ साली कोयना प्रकल्पावर ओव्हरसियर होते. ११ डिसेंबरच्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते कोयनानगरातच होते. या विषयावर घरी फारसं बोलायचे नाहीत. १९९८ च्या हिवाळ्यात ते माझ्याकडे अमेरिकेत आले. मी दिवसभर लॅबमध्ये, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि टीव्हीवर त्यांना न कळणारे खेळ. शेवटी मी माझ्या सेकंडहँड मॅकवर एका मित्राकडून मराठी फॉन्ट आणून टाकला आणि त्यांना टायपिंग शिकवलं. एका बोटाने, दोन महिने, त्यांनी कोयना लिहून काढली. पाच फायली. छापलेली एकुलती एक प्रत त्यांनी कर्‍हाडच्या एका मित्राला वाचायला दिली, ती परत आली नाही. अण्णा २०११ मध्ये गेले.

फायली माझ्याकडे होत्या. एका झिप डिस्कवर.

ज्यांनी झिप डिस्क पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १९९५ च्या सुमारास आयोमेगा कंपनीने ही चीज बाजारात आणली. दिसायला फ्लॉपीची जाड थोरली बहीण, पण पोटात १०० एमबी, म्हणजे जवळजवळ सत्तर फ्लॉप्या मावत. आमच्या लॅबमध्ये प्रत्येकाच्या खिशात एक असायची. तिथे निम्मे संगणक मॅक आणि निम्मे पीसी, आणि या दोघांचं डिस्कवर लिहायचं वळण वेगळं. मॅकला पीसीची डिस्क वाचता यायची, पीसीला मात्र मॅकची अजिबात नाही. आणि वाचता आलं नाही की पीसी काय करायचा? प्रामाणिकपणे "मला हे येत नाही" म्हणायचं सोडून थेट विचारायचा, "ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही. फॉरमॅट करू का?"

१९९७ मध्ये मी एकदा या प्रश्नाला "होय" म्हणालो होतो. डिस्क ड्राइव्हमध्ये विसरलेली होती, मला वाटलं कोरी आहे. ती माझ्याबरोबरच्या एका चिनी मुलीची निघाली, आणि तिच्यावर तिचं तीन आठवड्यांचं काम होतं. सेमिस्टर संपेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

तर आता अण्णांच्या डिस्कला चार कुलपं होती.

पहिलं कुलूप ड्राइव्हचं. माझा जुना ड्राइव्ह स्कझी केबलवर चालणारा. ते भोक आजच्या कुठल्याच संगणकाला नाही. जुन्या बाजारातून यूएसबीवाला ड्राइव्ह मागवला. तो लॅपटॉपला जोडला, डिस्क आत सरकवली, खुर्र आवाज झाला आणि पडद्यावर तोच प्रश्न आला. फॉरमॅट करू का? सत्तावीस वर्षांत भाषा जरा सभ्य झालीय, प्रश्न तोच आहे. फ्लॉपीला निदान एक छोटी सरकपट्टी असते. खिडकी उघडी ठेवली की कोणी तिच्यावर लिहू शकत नाही. झिपला तीही नाही. मी हात मागे घेतला आणि केबल उपटली.

दुसरं कुलूप त्या वळणाचं, ज्याला आमच्या धंद्यात फाइल सिस्टिम म्हणतात. अण्णांची डिस्क एचएफएस पद्धतीची. ही मॅकची १९८५ सालची पद्धत. आजच्या मॅकलाही ती वाचता येत नाही, २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून तो आधार काढून टाकला. याबद्दल माझी तक्रार नाही, चौतीस वर्षं म्हणजे काही कमी नाही. गंमत अशी की घरातल्या जुन्या लिनक्सच्या डबड्याला ती यायची. ज्याचा या डिस्कशी काडीचा संबंध नव्हता, त्याने ओळख ठेवली होती. तिथे आधी डिस्कची जशीच्या तशी पूर्ण प्रत काढली आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर केलं. त्या प्रतीतही पाचव्या फाइलच्या जागी वाचताच न येणारे तुकडे आले.

तिसरं कुलूप क्लॅरिसवर्क्सचं. हा प्रोग्राम कधीच बंद झाला. पण लिब्रेऑफिस या फुकट मिळणार्‍या प्रोग्रामला त्याच्या फायली उघडता येतात. चार फायली उघडल्या.

आणि पडद्यावर कचरा. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, उद्गारचिन्हं. हे चौथं कुलूप, आणि ते खास आपलं, मराठी माणसाचं. तेव्हाचे बहुतेक मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेले मुखवटे होते. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरच असायचं, फॉन्ट त्याला "क" दाखवायचा. फॉन्ट गेला की मुखवटा उतरला. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्या टेबलावर यायला तिला बरीच वर्षं लागली. अण्णांच्या त्या कचर्‍यात एकच गोष्ट वाचता येत होती. आकडे. पहिल्याच ओळीत "11" आणि "1967".

त्या आकड्यांना धरून मी बसलो. मध्ये नक्की "डिसेंबर" असणार. त्यावरून पाच-सहा अक्षरं सुटली, त्यातून "कोयनानगर" सुटलं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली, अर्धं अक्षर आणि काना वेगवेगळे. सगळ्याची तक्ता-वही केली आणि शेवटी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तीन शनिवार-रविवार गेले. महानुभावांच्या सकळ लिपीची आठवण झाली. त्यांनी ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवले आणि ते बाहेरच्या अभ्यासकांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडेपर्यंत वाचता येत नव्हते. त्यांनी निदान मुद्दाम लपवले होते. आपण नकळत केलं.

चार फायली मिळाल्या. पाचवी मिळाली नाही. भूकंपानंतर मदतकार्यासाठी अण्णा गावोगाव फिरले, तो भाग तिच्यात होता. चौथी फाइल "दुसर्‍या दिवशी आम्ही" इथे संपते.

याचा दोष मी डिस्कला देत नाही. अण्णा गेले तेव्हा, २०११ मध्ये, हे काम करायला दोन संध्याकाळी पुरल्या असत्या. माझा मॅक तेव्हा चालत होता, फॉन्ट त्याच्यावरच होता. मी काय केलं? डिस्क "जपून" ठेवली. कपाटात, डबीत, वर अण्णांचं नाव लिहून. माझं आता असं ठाम मत झालंय की संगणकावरची गोष्ट ठेवून टिकत नाही, उतरवून टिकते. आपल्या पोथ्याही तशाच टिकल्या. मूळ पोथ्या कधीच वाळवीने खाल्ल्या, पण कोणी ना कोणी पुढची नक्कल करत राहिला.

काही मित्र म्हणतात, आता सगळं क्लाउडवर आहे, चिंता मिटली. कुलपं तीच आहेत हो, फक्त दुसर्‍याच्या घरात आहेत. पासवर्ड वडिलांच्या डोक्यात असतो, आणि दोन वर्षं न उघडलेली खाती पुसायचे नियमही आलेत. दुसरे म्हणतात, सरकारंसुद्धा फ्लॉपीवर चालतात. खरंय. अमेरिकेच्या अण्वस्त्रदलाची एक संदेशयंत्रणा २०१९ पर्यंत आठ इंची फ्लॉपीवर चालत होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या मेट्रोची १९९८ सालची यंत्रणा सव्वापाच इंची फ्लॉपीवर चाले, ती बदलायचं कंत्राट मंजूर व्हायला २०२४ उजाडलं. पण तिथे तो ड्राइव्ह चालू ठेवायला पगारी माणूस असतो. तुमच्या-आमच्या घरात तो माणूस आपणच.

तुमच्याही माळ्यावर किंवा लोखंडी कपाटात असा एक डबा असणार. संस्थेची स्मरणिका, आजोबांच्या आठवणी, लग्नाची सीडी. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते, तेव्हा घाई करा. फ्लॉपीची खिडकी उघडी ठेवा. आधी पूर्ण प्रत, मग उचापती. मजकूर वाचता आला की युनिकोडमध्ये आणा, दोन ठिकाणी ठेवा, आणि एकदा कागदावर छापा. कागदाला केबल लागत नाही.

आणि संगणकाने फॉरमॅट करू का विचारलं तर घाबरू नका. त्याला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. डिस्क कोरी असेलच असं नाही.

असो. नातवाचा प्रकल्प झाला. आईने चारही भाग माईआत्याला फोनवरून वाचून दाखवले. मग मला विचारलं, "पुढचं कधी पाठवतोस?"