पदवीचा अभ्यास आणि लष्करी अधिकारपद

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या परिसरात महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने लष्करात अधिकारी होण्याची इच्छा बोलून दाखवली की त्या इच्छेविरुद्ध सहसा तीन आक्षेप घेतले जातात. अधिकारी व्हायचे तर बारावीनंतर लगेच खडकवासल्याला जायला हवे होते, ती वेळ टळली की वाट बंद झाली, हा पहिला. पदवीचा अभ्यास आणि सैनिकी प्रशिक्षण एकमेकांच्या मुळावर येतात, तेव्हा दोहोंपैकी एक सोडावे लागते, हा दुसरा. आणि ही वाट छावणीतल्या किंवा सैनिकी शाळेतल्या मुलांची आहे, लोकलला लटकून ये-जा करणाऱ्यांची नव्हे, हा तिसरा. तिन्ही आक्षेप व्यवहारी शहाणपणाच्या थाटात मांडले जातात, पण प्रवेशाचे प्रत्यक्ष नियम समोर ठेवले तर त्यांपैकी एकही पुरता टिकत नाही.

पहिला आक्षेप निव्वळ माहितीच्या अभावातून येतो. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी ही बारावीनंतरची वाट खरी, परंतु स्थलसेनेत कमिशन, म्हणजे राष्ट्रपतींच्या अधिकाराने मिळणारे अधिकारपद, मिळवण्याच्या ज्या इतर प्रमुख वाटा आहेत त्यांतील बहुतेकींत पदवी हा अडथळा नसून प्रवेशाची अटच आहे. केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा, म्हणजे सीडीएस, घेतो आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थीही तिला बसू शकतो. देहरादूनच्या भारतीय सैन्य अकादमीसाठी इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि प्राथमिक गणित असे तीन पेपर असतात, तर चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी गणिताचा पेपर नसतोच. नौदलाच्या अकादमीला अभियांत्रिकीची पदवी लागते आणि हवाई दलाच्या अकादमीसाठी अभियांत्रिकी नसेल तर बारावीचे भौतिकशास्त्र आणि गणित लागते, पण स्थलसेनेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. वाणिज्य शाखा घेतल्यावर गणवेशाचा विचार सोडून देणाऱ्या विद्यार्थ्याने खरे तर सीडीएसच्या वाटेवर फक्त नौदल आणि हवाई दल गमावलेले असते, आणि हे त्याला कोणी वेळेवर सांगितलेले नसते.

दुसऱ्या आक्षेपाला उत्तर देताना राष्ट्रीय छात्रसेनेचा, म्हणजे एनसीसीचा, इतिहास पाहावा लागतो. विद्यापीठांतील तरुणांना शिकता शिकता सैनिकी शिक्षण देण्याची कल्पना या देशात 1917च्या युनिव्हर्सिटी कोअरपासून आहे. तिच्या पुढच्या दोन अवतारांनंतर, पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून 1948 साली कायदा होऊन आजची छात्रसेना उभी राहिली. तिच्या मूळ उद्दिष्टांत चारित्र्य आणि नेतृत्वगुणांबरोबरच, आणीबाणीच्या प्रसंगी सैन्य वेगाने वाढवता यावे म्हणून संभाव्य अधिकाऱ्यांचा साठा तयार करणे, हेही स्पष्टपणे सांगितलेले होते. म्हणजे महाविद्यालय आणि अधिकारपद यांची सांगड ही हौशी पालकांची कल्पना नव्हे, ती संस्थेच्या पायातच आहे. ही सांगड म्हणजे शिक्षणाचे लष्करीकरण, अशी शंका काही शिक्षणप्रेमींना येते. तिचा आदर राखूनही हे नोंदवले पाहिजे की कुंझरू स्वतः उदारमतवादी परंपरेतले होते आणि छात्रसैनिक झाल्याने कोणावरही सैन्यात जाण्याचे बंधन येत नाही. छात्रसेना सक्तीची होती ती चीनच्या युद्धानंतर, 1963 पासून 1968 पर्यंत. ती सक्ती उठवली गेली हे योग्यच झाले, कारण मनाविरुद्ध कवायत करणाऱ्यांची संख्या वाढवून अधिकाऱ्यांचा साठा वाढत नसतो.

अभ्यासाच्या नुकसानीचा मुद्दा वेळेच्या हिशेबाने तपासता येतो. छात्रसेनेचे वरिष्ठ विभागातील प्रशिक्षण सहसा तीन वर्षांचे असते. दुसऱ्या वर्षाअखेर ‘बी’ आणि तिसऱ्या वर्षाअखेर ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा होते, त्यासाठी किमान 75 टक्के हजेरी आणि वार्षिक शिबिर लागते, आणि हे शिबिर साधारण दहा दिवसांचे असते. पदवीच्या तीन वर्षांतून एवढा वेळ काढल्याने अभ्यास बुडतो असे म्हणणाऱ्यांनी बदलापूरहून मुंबईला रोज शिकायला जाणाऱ्या मुलाचे गाडीतले तीन तास कधी मोजले आहेत काय, असा प्रश्न विचारण्यास हरकत नाही. शिवाय अभ्यास सोडणाऱ्याला येथे जागाच नाही: छात्रसैनिकांसाठी अधिकारपदाची वाट असलेल्या एनसीसी विशेष प्रवेश योजनेसाठी ‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ श्रेणी जशी लागते तसेच पदवीला किमान 50 टक्के गुणही लागतात. या अटी पूर्ण करणाऱ्याला लेखी परीक्षा माफ होते आणि अर्जांच्या छाननीतून निवड झाल्यास सेवा निवड मंडळाकडून, म्हणजे एसएसबीकडून, थेट मुलाखतीचे बोलावणे येते.

येथे मंडनाच्या बाजूनेही एक भाबडी समजूत खोडून काढणे भाग आहे. ‘सी’ प्रमाणपत्र म्हणजे अधिकारपदाची हमी, असे सांगणारे हितचिंतक विरोधकांइतकेच नुकसान करतात. प्रमाणपत्राने फक्त लेखी परीक्षेचा उंबरठा ओलांडता येतो. पुढची पाच दिवसांची कसोटी सर्वांना सारखीच असते. पहिल्या दिवशी बुद्धिमापन आणि चित्र पाहून कथा लिहिणे व तिच्यावर गटात चर्चा करणे यांतून चाळणी होते आणि अनेक उमेदवार त्याच दिवशी परत पाठवले जातात. उरलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरील गटकार्ये आणि वैयक्तिक मुलाखत होते, आणि शेवटच्या दिवशी सर्व परीक्षक एकत्र बसून निर्णय घेतात. मैदानावर गटाला फळी, दोर आणि ओंडका देऊन अडथळा पार करायला सांगतात, तेव्हा दोर कोण बांधतो याइतकेच, दुसऱ्याची चांगली सूचना कोण उचलून धरतो, हेही पाहिले जाते. पाठांतराची उत्तरे येथे उघडी पडतात. दोन महिन्यांच्या शिकवणीत जे शिकवता येत नाही ते शिबिरात तीस जणांच्या तुकडीची जेवणाची रांग, पहाऱ्याच्या पाळ्या आणि रुसवेफुगवे सांभाळणाऱ्या छात्रसैनिकाला थोडेफार आलेले असते. छात्रसेनेचा खरा उपयोग हा आहे, प्रमाणपत्राचा कागद नव्हे. महाविद्यालयात तिच्याकडे वाढीव गुणांची सोय म्हणून पाहिले जाते तेव्हा हा उपयोग पार बाजूला पडतो.

तिसरा आक्षेप स्थानिक आहे आणि म्हणून अधिक खुपणारा. उल्हासनगर हे शहर दुसऱ्या महायुद्धातील कल्याण ट्रान्झिट कॅम्पच्या बराकींत वसले. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित आले, 1949 मध्ये गावाला आजचे नाव मिळाले, तरी पत्ता सांगताना आजही कॅम्प नंबर सांगितला जातो. अंबरनाथला 1950च्या दशकापासून ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, शिवाय नौदलाच्या साहित्यावर संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळाही आहे. सैन्याशी इतका जुना संबंध असलेल्या या पट्ट्यात सैन्य म्हणजे कारखान्यातली नोकरी किंवा मैदानावर धावून मिळणारी भरती, एवढाच अर्थ रूढ व्हावा, हे विचित्र आहे. भरतीत कमीपणा मुळीच नाही; पण 2022च्या अग्निपथ योजनेत वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस वर्षांची ठेवलेली असल्याने तो निर्णय बहुधा पदवी हातात येण्याआधी घ्यावा लागतो, सेवा चार वर्षांची असते आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीरांना कायम केले जाते. एनसीसी विशेष प्रवेशाची वयोमर्यादा 19 ते 25 वर्षे आहे. एकविसाव्या वर्षी पदवी घेणाऱ्याला त्यानंतरही काही वर्षे वर्षातून दोनदा संधी असते, आणि निवड झाली नाही तरी पदवी कोणी काढून घेत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. एखाद्या प्रकारच्या प्रवेशासाठी प्रथमच एसएसबीला जाणाऱ्यास रेल्वेचे जाण्यायेण्याचे भाडे मिळते, आणि चेन्नईतील 49 आठवड्यांच्या प्रशिक्षणात दरमहा 56,100 रुपये विद्यावेतन मिळते. महागड्या खासगी अकादमीचे शुल्क भरल्याखेरीज मुलाखतीची तयारी होत नाही, हा समज मात्र या भागातही घट्ट आहे. राज्य शासनाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिक रोडला आहे. सीडीएसची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना, तसेच ‘सी’ प्रमाणपत्र मिळवून छात्रसेनेच्या ग्रुप मुख्यालयाची शिफारस आणलेल्यांना तेथे एसएसबीची तयारी राहण्याजेवणासह विनामूल्य करून दिली जाते, आणि कल्याणहून नाशिक रोडला पोहोचायला रेल्वेने तीन तासांच्या आसपास वेळ लागतो.