अर्धा पगार, अर्धें अभय

वाचकहो, ज्याचें मीठ खावें त्याच्याच अंगणांतील घाण त्यास दाखवावयाची, हें ज्याचें रोजचें काम, त्याची स्थिति किती अवघड असेल बरें? एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधील गांवोगांवच्या आरोग्य-निरीक्षकांची हीच स्थिति होती. त्यांच्या पगाराची हकीकत वरवर पाहतां जमाखर्चाची वाटते. परंतु तिच्याशीं कित्येक गरीब कुटुंबांचें जीवित बांधलेलें होतें.

१८७२ व १८७५ च्या कायद्यांनीं तेथील स्थानिक मंडळांस आरोग्याधिकारी व निरीक्षक नेमणें भाग पडलें. तुंबलेलीं गटारें, विक्रीस मांडलेलें नासकें मांस, राहण्यास अयोग्य घरें हीं हुडकून मंडळास वर्दी द्यावी, हें निरीक्षकाचें कर्तव्य. परंतु अशा घरांचे मालक पुष्कळदां मंडळाचे सभासदच असत. दूषित पाण्यानें विषमज्वर होई तो भाडेकऱ्यास. दुरुस्तीचा खर्च पडे तो मालकास. आणि निरीक्षकाचा पगार ठरे मालकाच्या मतानें! मग डोळ्यांवर कातडें ओढून घेण्याचा मोह कोणास होणार नाहीं?

ह्यावर पार्लमेंटनें उपाय योजिला. मंडळाची इच्छा असल्यास पगाराचा अर्धा भाग सरकारी तिजोरींतून मिळे. मात्र त्याबदल्यांत अधिकाऱ्याची लायकी, नेमणूक, पगार व नोकरीची मुदत ह्यांवर मध्यवर्ती सरकारी खात्याची नजर राही. कित्येक मंडळांनीं हें साह्य नाकारलें. लंडनच्या कचेरींतील कारकुनानें आमच्या गांवचा कारभार कां पाहावा, हा त्यांचा आक्षेप सर्वस्वी खोटा नव्हता. पण स्वातंत्र्याच्या ह्या कैवाराआड एखाद्या पडक्या चाळीचें भाडें लपत असे, हेंही तितकेंच खरें.

तथापि अर्ध्या पगारानें अभय मिळालें तेंही अर्धेंच. नेमणूक पुष्कळदां एका वर्षाची असे. स्पष्टवक्त्या माणसास बडतर्फ करण्याचें कारणच नव्हतें. वर्ष संपल्यावर त्यास पुन्हा नेमलें नाहीं कीं झालें. इब्सेनच्या १८८२ च्या नॉर्वेजियन नाटकांतील डॉक्टर स्नानगृहांचें पाणी दूषित असल्याचें सांगतो व नोकरीस मुकतो; तें संकट केवळ कविकल्पना नव्हतें. अखेर १९२१ च्या कायद्यानें, ज्यांच्या पगारांत सार्वजनिक अनुदानाचा वांटा होता अशा आरोग्याधिकाऱ्यांस व निरीक्षकांस आरोग्यमंत्र्याच्या संमतीवांचून काढतां येणार नाहीं, असें ठरलें. म्हणजे १८७२ पासून ह्या एका गोष्टीस ४९ वर्षें लागलीं!

ह्यावरून आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे कीं, पगार कोण देतो ह्याहून नोकरीवरून कोण काढूं शकतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. निरीक्षक कामचुकार आहे अशी तक्रार आपण सहज करतों. ती करण्यापूर्वीं, खरें बोलल्यावरही त्याची चूल दुसऱ्या दिवशीं पेटेल अशी व्यवस्था आपण केली आहे काय, हें प्रत्येक नागरिकानें स्वतःस विचारावें.