रात्री दहाची गोळी



गेल्या आषाढात आमच्या परसातल्या जांभ्याच्या पायरीवरून मी घसरले आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. शेवाळ म्हणजे अनंतकाय, त्यावर पाय पडू नये म्हणून पावसाआधीच पायऱ्यांना चुना लावून घ्या, असं दरवर्षी सगळ्यांना सांगत फिरणारी मी. यंदा माझ्याच घरी राहून गेलं. असो. कोल्हापूरला नेऊन ऑपरेशन केलं, हाडात रॉड घातला आणि सहाव्या दिवशी आंबा घाटातून परत आणलं. त्या घाटातला प्रत्येक खड्डा मला पाठ आहे.

पण आज लिहायचं आहे ते घरी आल्यानंतरच्या रात्रींबद्दल. आपल्यातल्या बऱ्याच जणींवर ही वेळ येते. कुणाचा गुडघा बदलतात, कुणाच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. आणि आपण सगळ्याजणी तीच चूक करतो असं मला वाटतं.

डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिवसातून तीन वेळा लिहून दिली होती, सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. माझा चौविहार लग्नाआधीपासूनचा. आषाढात आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो आणि सकाळी नवकारशी येते सातच्या सुमाराला. म्हणून मी माझ्या बुद्धीने वेळा बदलल्या : सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात. तीन गोळ्या म्हणजे तीन गोळ्या. मी बी.कॉम. झालेली बाई, मला वाटलं हिशेब चोख जुळला.

बेरीज जुळली होती, पण गोळीचा असर सहा ते आठ तासांचा आणि रात्र बारा तासांची, हे लक्षात घेतलं नाही. दीड-दोन वाजता जाग यायची ती मांडीत पेटका येऊनच. ज्यांना आला आहे त्यांनाच कळेल. मांडीचे स्नायू एकदम दगडासारखे आवळतात, आतून कुणीतरी पीळ घालतंय असं वाटतं, आणि त्या आवळण्याने हाडाच्या जागी कळ जाते. कळ गेली की स्नायू आणखी आवळतात. फिजिओथेरपीच्या ताईंनी नंतर समजावलं की हा शरीराचा पहारा आहे. हाड मोडलंय, हलू द्यायचं नाही, म्हणून आजूबाजूचे स्नायू घट्ट धरून ठेवतात. दुखणं वाढलं की पहारा वाढतो, पहारा वाढला की दुखणं वाढतं. हे चक्र मधेच तोडावं लागतं आणि तोडायची वेळ असते दुखणं डोक्यावर बसायच्या आधी.

मी काय केलं? उशीत तोंड खुपसून पडून राहिले. ह्यांची झोप मोडू नये, सूनबाईला सकाळी डबे करायचे असतात तिला उठवू नये. भेटायला आलेल्या एक वयाने मोठ्या काकी म्हणाल्या होत्या, "सहन कर गं, कर्मं खपतात." ते मनात धरून होते. शिवाय रात्री बाथरूमला कुणाला उठवायला नको म्हणून दुपारी चारनंतर पाणीही बंद केलेलं. त्याने बद्धकोष्ठ झालं ते वेगळंच.

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला तर तो पुरेसा वाकेचना. रात्रभर न झोपल्यामुळे सकाळी व्यायामाला मी नकारच देत होते. सूनबाईने गोळ्यांची पाकिटं दाखवली. मोजून बरोबर तेवढ्या संपलेल्या. डॉक्टर म्हणाले, एवढ्या गोळ्यांनीही दुखणं थांबत नाही म्हणजे जास्त तीव्र औषध लिहायला हवं. त्यांनी पेन उचललंसुद्धा. तेव्हा मला बोलावं लागलं. मी वेळा बदलल्याचं सूनबाईला तिथेच कळलं आणि तिचे डोळे भरून आले. मला त्या दोन आठवड्यांतल्या दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं.

विचार करा, मी गप्प बसले असते तर गरज नसलेलं जास्त कडक औषध माझ्या पोटात गेलं असतं. तेही धर्म सांभाळते आहे या समजुतीत.

दुसऱ्या दिवशी सूनबाई स्वतःहून उपाश्रयात गेली. चातुर्मासासाठी आलेल्या साध्वीजींना तिने सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्यांना दुविहार का नाही देत?" एवढंच. चौविहारात चारही आहारांचा त्याग, तिविहारात पाणी मोकळं, आणि दुविहारात पाणी आणि औषध दोन्ही चालतं. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पाठशाळेत मुलींना मीच शिकवलेलं आहे. पण स्वतःच्या बाबतीत दुविहार म्हणजे खालची पायरी, असं मनात कुठेतरी बसलेलं होतं.

साध्वीजींनी आणखी एक आठवण करून दिली. पच्चक्खाण घेताना आपण जे आगार बोलतो, त्यात सव्वसमाहिवत्तियागारेणं येतं. रोज तोंडाने म्हणतो, अर्थाकडे लक्ष नसतं. तीव्र वेदनेने मन आर्त-रौद्र ध्यानात जाऊ लागलं, तर समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची ही सूट आहे. ज्यांनी पच्चक्खाणाचं सूत्र रचलं त्यांना माणसाचं शरीर माहीत होतं. सूट त्यांनी बाहेरून चिकटवली नाही, व्रताच्या आतच ठेवली. करार वाचणाऱ्या कुणालाही हे कळेल की जे कलम मूळ कागदातच आहे ते वापरणं म्हणजे करार मोडणं नव्हे.

आता काकींच्या "कर्मं खपतात" बद्दल. त्या वयाने आणि तपाने मोठ्या आहेत, त्यांनी केलेल्या ओळी माझ्याने व्हायच्या नाहीत. तरीही मला हे पटत नाही. निर्जरा दोन प्रकारची, सकाम आणि अकाम. समजून-उमजून, समभावाने सोसलं तर सकाम. दुसरा उपाय नाही म्हणून दात-ओठ खाऊन सोसलं तर अकाम, आणि तिची किंमत फार थोडी. त्यातून तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे जे चार प्रकार आहेत, त्यातला एक वेदनेचाच आहे. हे दुखणं कधी जाईल, कसं जाईल, हाच एक विचार मनात घोळत राहणं. रात्री दोन वाजता मी नेमकं तेच करत होते. नवकार सुरू करायचे आणि तिसऱ्या पदावर घड्याळ बघायचे. कधी तर शांत घोरणाऱ्या ह्यांचा राग यायचा, कधी ती पायरी बांधणाऱ्या गवंड्याचा. जुनं कर्ज फेडते आहे म्हणून रोज रात्री नवं कर्ज काढत होते.

काही बहिणी म्हणतील, कायक्लेश हेही तपच आहे, परीषहांत रोगाचा परीषह सांगितलाच आहे. खरं आहे. पण कायक्लेश आपण ठरवून, शक्ती पाहून, गुरूंच्या आज्ञेने करतो. मोडलेलं हाड हे तप नाही, तो अपघात आहे. आणि वैयावच्च हेही तपच, तेही अभ्यंतर तप. आजारी साधू-साध्वींना औषध आणून देणं, त्यांचे पाय दाबणं यात आपण धन्यता मानतो. मग सूनबाईने दहा वाजता उठून मला गोळी द्यावी, यात तिचं तप मी का अडवावं?

पर्युषणात कल्पसूत्राचं वाचन चालतं तेव्हा भगवंतांच्या कानातल्या खिळ्यांचा प्रसंग आपण दरवर्षी ऐकतो. गवळ्याने खिळे ठोकले ते लक्षात राहतं, कारण ते ऐकताना अंगावर काटा येतो. पुढचं विसरतो. सिद्धार्थ नावाच्या श्रावकाकडे बसलेल्या खरक वैद्याला भगवंतांचा चेहरा पाहूनच कळलं की यांना काही सलतंय. दोघं मागोमाग गेले, खिळे काढले, जखमेवर औषध लावलं. खिळे निघताना भगवंतांच्या मुखातूनही किंकाळी निघाली असं कथेत येतं. आणि त्या वैद्याला आणि श्रावकाला देवगती मिळाली. कर्मं खपताहेत, असू दे, असं म्हणून ते दोघं घरी बसले नाहीत.

आपल्या समाजातलं अलीकडचं उदाहरण जयपूरच्या डी. आर. मेहतांचं. 1969 साली जैसलमेरला अधिकारी असताना त्यांना भीषण अपघात झाला, पाय कापावा लागेल की काय अशी अवस्था होती, कित्येक महिने अंथरुणावर गेले. त्या दुखण्यातून उठल्यावर 1975 मध्ये, भगवंतांच्या 2500व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, त्यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली, जयपूर फूट फुकट बसवून देणारी. अशा शिबिरांना आपण महिला मंडळातून वर्गणी पाठवतो. पाय गमावलेल्या माणसाला आपण कधी म्हणतो का, की बाबा सहन कर, कर्मं खपतील? त्याला पाय देतो. मग घरातल्या बाईला, स्वतःला, वेगळा नियम कशाला?

एक आक्षेप मात्र मी मानते. आज गोळी, उद्या गोळीबरोबर दोन घोट दूध, परवा खाकरा, असं घसरत जाता येतं. म्हणून मी मुदत घातली. डॉक्टर रात्रीची गोळी बंद करतील त्या दिवसापर्यंतच दुविहार, आणि गोळी पोट रिकामं असताना सोसणारी आहे का ते त्यांनाच विचारून घेतलं. काही दुखण्याच्या गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नयेत, मूत्रपिंड किंवा बीपीचा त्रास असेल तर मुळीच मनाने घेऊ नयेत. ज्यांना चौविहार सोडायचाच नाही, त्यांनी ऑपरेशनच्या आधीच तसं स्पष्ट सांगावं. दिवसातून एकदाच घ्यायची, असर लांबणारी औषधंही असतात. सगळ्यांना चालतात असं नाही, पण डॉक्टरांना माहीत असेल तर ते विचार करू शकतात. माझ्यासारखी परस्पर कारागिरी करू नका.

कॅप्सूलचंही तसंच. तिचं कवच बहुतेक वेळा जिलेटीनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं असतं. तेच औषध गोळीच्या रूपात किंवा वनस्पतिजन्य कवचात मिळतं का, हे आधी विचारलं तर पुष्कळदा मिळतं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात देतात त्या हेपॅरिन जातीच्या सुया डुकराच्या आतड्यापासून बनतात, हे मला नंतर कळलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही. पर्याय आहेत, पण ते ठरवायची वेळ ऑपरेशनच्या आधीची. ऐन वेळी सुई नाकारून जीव धोक्यात घालायची नाही.

मालिशबद्दल बोलायलाच हवं, कारण आपल्याकडे पाय दुखला की आधी तेलाची वाटी गरम होते. पायाच्या ऑपरेशननंतर पोटरी दुखते, सुजते, गरम किंवा लाल होते, तर ते पेटक्याचंच दुखणं असेल असं नाही. आत गुठळी झालेली असू शकते, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशा वेळी हात न लावता दवाखाना गाठायचा. त्यातच दम लागला किंवा छातीत दुखलं तर एक मिनिट थांबायचं नाही. आमच्याकडे मालिशवाली बाई ठरलेली होती, ती फिजिओताईंनी पहिल्याच दिवशी बंद केली म्हणून वाचले.

पेटक्यावर मला जे उपयोगी पडलं ते सांगते. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने व्यायाम. पाऊल दर तासाला वर-खाली करणं. पाय सरळ ठेवून गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबून पाच आकडे मोजणं, मग सोडणं. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं, जखम कोरडी ठेवून. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायला फार बरं वाटतं, पण गुडघा तसाच वाकडा आखडतो म्हणून ती मला काढायला लावली. स्नायू सैल करणाऱ्या गोळीने गुंगी येते, म्हणून रात्री उठताना हाक मारायचीच, पुन्हा पडण्यापेक्षा कुणाची झोप मोडलेली बरी. आणि पेटका आलाच तर श्वास रोखायचा नाही. मी लोगस्सचा काउस्सग्ग धरायचे, पडल्या पडल्या, श्वासावर. एक लोगस्स म्हणजे पंचवीस श्वासोच्छ्वास. सावकाश सोडले तर दुसरा लोगस्स संपेपर्यंत मांडी बहुतेक वेळा ढिली व्हायची. हे औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला.

दहाची गोळी सुरू झाल्यावर चौथ्या रात्री मी सलग पाच तास झोपले. सकाळी खुर्चीवर बसून सामायिक केलं, आणि कितीतरी दिवसांनी अठ्ठेचाळीस मिनिटांत घड्याळ बघितलं नाही. काकी परत आल्या तेव्हा त्यांना हे सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. जाताना मात्र त्यांच्या सुनेने हळूच मला विचारलं, "दुविहार घ्यायचं असेल तर कुणाला विचारायचं असतं?" काकींचेच गुडघे दिवाळीनंतर करायचे आहेत.

भाद्रपद संपता संपता माझी रात्रीची गोळी बंद झाली आणि त्याच संध्याकाळी चौविहाराचं पच्चक्खाण घेतलं. दोन आठवडे घरच्यांपासून आणि डॉक्टरांपासून जे लपवलं, त्याची आलोचना साध्वीजींकडे केली आहे. दुविहाराची आलोचना करू का, असंही विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, सुनेला खमवा.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.