उलटा झेंडा

बेसबॉलची १९९२ ची वर्ल्ड सिरीज. अटलांटातल्या दुसऱ्या मॅचआधी अमेरिकन मरीन्सनी कॅनडाचा झेंडा चक्क उलटा धरला! टोरांटोतल्या तिसऱ्या मॅचला मरीन्सनीच तो सरळ धरला आणि विषय मिटला. पुढे सिरीजही टोरांटोने ४-२ अशी जिंकली.

पण अमेरिकन चॅनल आपल्याच टीमचं कौतुक करतं, ही कॅनेडियन प्रेक्षकांची तक्रार काही मिटत नाही. मला विचाराल तर हा द्वेष नाही, हिशोब आहे. अमेरिकेच्या रेटिंगमध्ये कॅनडातली घरं मोजलीच जात नाहीत. मग त्यांच्यासाठी बोलणार कोण?

हसू नका दोस्तहो! आपल्या टीव्ही रूममध्ये समोरच्या टीमच्या सिक्सरला कधी टाळी पडलीय? कॉमेंटेटरला शिव्या घालण्याआधी ती वाजवून बघूया.