बँकेचे कर्ज नको, पण बँकेची चौकशी हवी

दुकानदार, यंत्रमागवाला, शिंपी, सुतार, गॅरेजवाला असा आपल्या समाजातील कष्टकरी माणूस पहिले घर घेतो तेव्हा बहुधा बँकेकडे जात नाही. व्याजापासून दूर राहावे हे त्याचे एक कारण. उत्पन्नाचे पक्के कागद नसल्याने बँक त्याला दारात उभे करीत नाही, हे दुसरे. मग वर्षानुवर्षांची पुंजी, पत्नीचे दागिने, गावच्या जमिनीचा हिस्सा आणि नातेवाइकांकडून घेतलेला कर्जे हसना अशी जुळवाजुळव करून घर होते. ही धडपड कौतुकास्पदच आहे. परंतु या मार्गात एक मोठी उणीव राहून जाते.

बँक कर्ज देते तेव्हा स्वतःचे पैसे बुडू नयेत म्हणून वकिलाकडून जमिनीची मालकी तपासून घेते, नकाशा मंजूर आहे काय ते पाहते आणि इमारत अनधिकृत असेल तर सहसा कर्जच देत नाही. या चौकशीचा लाभ घर घेणाऱ्यालाही आपोआप मिळतो. रोखीने घर घेणाऱ्यासाठी मात्र ही चौकशी कोणीच करीत नाही. बिल्डर आपल्याच मोहल्ल्यातला आहे, जुनी ओळख आहे, एवढ्यावर आयुष्यभराची कमाई त्याच्या हवाली केली जाते. कर्ज घ्यायचे नाही हा निर्णय ज्याचा त्याचा. पण म्हणून बँकेची चौकशीही सोडून देणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळ फाटा येथे बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे मरण पावली. वरचे मजले चढत होते आणि खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहायलाही आली होती. स्वस्त मिळणाऱ्या घराची खरी किंमत काय असू शकते, हे तेथे दिसले.

म्हणून घर पाहायला गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा : “या इमारतीवर बँक कर्ज देते काय?” आपल्याला कर्ज घ्यायचे नसले तरी विचारावा. उत्तर देताना बिल्डर चाचरला, किंवा “फक्त रोखीचेच काम आहे” म्हणाला, तर तेथून उठावे. त्यानंतर बिल्डरने सुचविलेला नव्हे, आपल्या पसंतीचा वकील गाठून सातबारा किंवा मालमत्तापत्रक आणि मागील तीस वर्षांचे व्यवहार तपासून घ्यावेत. जमीन बिगरशेती झाली आहे काय, मंजूर नकाशात जेवढे मजले आहेत तेवढेच बांधले आहेत काय, आणि तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय, हे पाहावे. वकिलाची फी घराच्या किमतीपुढे काहीच नाही.

२०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकाच्या हाती चांगले हत्यार दिले आहे. नोंदणी असलेल्या प्रकल्पाची कागदपत्रे महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. करारनाम्याची नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावयाचा असतो. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे, आणि आपल्या वस्त्यांत अशाच लहान इमारती पुष्कळ असतात. तेथे वकिलावरच सारी भिस्त आहे.

नोटरीच्या कागदावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी अशा कागदावर घर घेणारा घर नव्हे, फक्त कागद विकत घेतो. तसेच घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने देण्याघेण्यास २०१५ पासून बंदी आहे; चेकने दिलेला पैसा हाच उद्या आपला पुरावा ठरतो. काही बांधवांना कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे वाटते. पण मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, असा आदेश कुरआननेच सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत दिला आहे. लिहिल्याने विश्वास तुटत नाही, उलट टिकतो.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्याने विसरू नये. घरासाठी धंद्याचे सारे भांडवल उपसू नये. सूत किंवा माल भरायला पैसा उरला नाही, तर एका मंदीत दुकानही जाते आणि मग घरही विकावे लागते. एक खोली कमी घ्यावी, पण धंद्याचे खेळते भांडवल शाबूत ठेवावे.

घर मिळाले की काम संपले, असे आपण समजतो. येथेही आपली चूक होते. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये जेमतेम दहा वर्षांच्या आतबाहेरची इमारत पडून १६ जण गेले. पुढच्याच महिन्यात भिवंडीत छत्तीस वर्षांची इमारत पडून चाळीसच्या आसपास माणसे मरण पावली. इमारत नवी असो वा जुनी, तिच्याकडे लक्ष ठेवावेच लागते.

मे महिन्यात गच्चीच्या भेगा बुजवाव्यात, पन्हळी साफ कराव्यात, भिंतीतून डोके काढलेला पिंपळ मुळासकट काढावा. ओल दिसली तर आधी गळती शोधावी. नुसता रंग मारून ती झाकू नये. आतल्या लोखंडाला गंज चढला की काँक्रीटचे पोपडे सुटतात, तो धोक्याचा इशारा आहे. खोली मोठी करण्यासाठी खांब किंवा तुळई तोडू नये. वरच्या मजल्यावर जड यंत्रे अथवा मालाचे गठ्ठे रचू नयेत.

इमारतीची सोसायटी नोंदवून घ्यावी आणि दरमहा वर्गणी भरावी. आदर्श उपविधींप्रमाणे इमारत १५ वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी, आणि ३० वर्षांनंतर दर तीन वर्षांनी तिची संरचनात्मक तपासणी करावयाची असते. महिन्याचे चारपाचशे रुपये देताना कुरकुर करणारे आपण, उद्या सारी इमारत रिकामी करण्याची नोटीस आली तर कोठे जाणार?

दुकानात कापडाचा ताका घेताना आपण तो उलगडून, उजेडात धरून पाहतो. आयुष्यभराच्या कमाईचे घर घेताना त्याहून कमी पारख करू नये.